चोरीच्या वेळी चाबी कुठे होती?

किस्से कोणी जमवत नसतं, ते साचतात. आमच्या धंद्यात जरा जास्तच, कारण ज्याची गाडी चोरीला जाते तो माणूस आधी अर्धा तास बोलतो आणि मग कागदावर सही करतो. सही कंपनीला जाते. तो अर्धा तास माझ्याकडे राहतो.

मी चंद्रपुरात एका विमा कंपनीसाठी चोरी गेलेल्या गाड्यांचा तपास करतो. म्हणजे गाडी शोधत नाही, ते पोलिसांचं काम. मालक खरं बोलतोय का आणि त्याने गाडीची नीट काळजी घेतली होती का, एवढं पाहून रिपोर्ट लिहायचा. माझ्यासोबत देशकरभाऊ असतात, पोलिसातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. ऑफिसच्या खाली सलीमभाईचं चाब्या बनवायचं दुकान आहे. चहा तिथेच होतो, त्यामुळे अर्धा तपासही तिथेच होतो.

आमच्या फॉर्ममध्ये प्रश्न पुष्कळ आहेत. पण दावा तरतो की बुडतो, ते बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर ठरतं. चोरीच्या वेळी चाबी कुठे होती?

*

चंद्रपुरातल्या एका चांगल्या कॉलनीतून बँकेतल्या एका मॅनेजरसाहेबांची नवी गाडी गेली. बटण दाबून सुरू होणारी. कॉलनीला गेट, गेटवर वॉचमन, खांबाखांबावर कॅमेरा. सकाळी सव्वासहाची वेळ, साहेब आत योगा करत होते आणि चाबी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली. काच फुटलेली नाही, कुलूप तोडलेलं नाही, दोन्ही चाब्या घरात. साहेब म्हणाले, "मंग गेली कशी? पंख फुटले काय तिले?"

सलीमभाईने मला ते सोप्या भाषेत सांगितलं. असली गाडी चाबीला हाक मारते आणि चाबी ओ देते. चाबी लांब असली की हाक पोचत नाही, म्हणून दार उघडत नाही. चोर दोघं येतात. एक यंत्राची बॅग घेऊन घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. यंत्रं ही हाक आणि ती ओ इकडून तिकडे पोचवतात. गाडीला वाटतं, चाबी जवळच आहे.

कॅमेऱ्यात सगळं दिसलं. दाराशी उभा असलेला माणूस कुरियरवाल्यासारखा दिसत होता. गाडी गेटवर आली तेव्हा वॉचमनने गेट उघडलं आणि कडक सलाम ठोकला.

देशकरभाऊंनी त्याला बोलावलं. "सलाम काऊन ठोकला बे?"

"साहेबाची गाडी होती ना जी."

"अन् आत कोन होतं?"

"ते कुठी दिसते? मी तं रोज गाडीलेच सलाम करतो."

*

असल्या चोरीवर सलीमभाईचा उपाय एकच: घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. चाबी त्यात ठेवली की तिला हाकही ऐकू येत नाही आणि ओही देता येत नाही. मॅनेजरसाहेबांनी दुसरी गाडी घेतल्यावर तो लगेच अमलात आणला. पण घरात स्टीलचे डबे काय कमी असतात? एका सोमवारी सगळं घर स्वयंपाकघरात चाबी शोधत होतं आणि साहेब ऑटोने बँकेत गेले. चाबी त्यांच्या बायकोला दुपारी फोडणी देताना सापडली. अजून तिला हिंगाचा वास येतो म्हणतात.

हसू नका. माझीही गाडी बटणाचीच आहे. मीही तेव्हापासून चाबी एका छोट्या डब्यात घालून बॅगेत ठेवतो. बायको त्याला माझा दुसरा टिफिन म्हणते.

*

एक डॉक्टर सलीमभाईच्या दुकानात येऊन बसायचे आणि त्याला छेडायचे. त्यांच्या गाडीच्या चाबीत चिप होती. ती चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही, कंपनीशिवाय कोणाला तशी चाबी बनवता येणार नाही, वगैरे वगैरे. "तुझा धंदा बसला आता, सलीमभाई!"

सलीमभाईने एक दिवस त्यांच्याकडे गाडीचे कागद मागितले, नीट पाहिले, कारण कागद पाहिल्याशिवाय तो सायकलच्या कुलपालाही हात लावत नाही. मग स्टिअरिंगखालच्या खोबणीत आपल्या मशीनची वायर खुपसली. पोरगा चहा घेऊन येईपर्यंत गाडीने नवीन चाबी आपली मानली होती.

डॉक्टरांनी दोन्ही चाब्या तळहातावर ठेवून पाहिल्या. मग म्हणाले, "मग मी इतकी वर्षं चाबी कशाला सांभाळून राह्यलो?"

"सवय अच्छी है, साहेब," सलीमभाई म्हणाला.

*

गोंडपिपरीच्या एका ठेकेदाराने गाडीत लपवून जीपीएस लावलं होतं. दिवसभर मोबाईलवर गाडीचा ठिपका पाहत बसायचा त्यांना नादच लागला. एक दिवस ठिपका जंगलाकडे सरकत गेला आणि गायब झाला. ड्रायव्हरचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलिसांत तक्रार दिली, मलाही कळवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्यांच्या अंगणात जबाब लिहून घेत होतो, तेवढ्यात ड्रायव्हर गाडी घेऊन आला. एटापल्लीकडे साळ्याच्या लग्नाला गेला होता. तिथे नेटवर्क नाही, आणि रजा त्याने ठेकेदारांच्या बायकोला सांगून घेतली होती.

इतकी माणसं पाहून तो घाबरला. "काय झालं जी?"

"अरे, गाडी चोरी गेली," देशकरभाऊ त्याच्याकडे न पाहता म्हणाले.

त्याने क्षणभरही विचार केला नाही. "मंग बसले काय राह्यले? चला, माह्या गाडीत बसा, पाहून येऊ!"

*

मागे पुण्याच्या ऑफिसातून एक तरुण अधिकारी आले होते. त्यांच्या लॅपटॉपवर आमच्या भागाचा नकाशा होता. पिनकोडप्रमाणे रंगवलेला. कॉलन्या हिरव्या, गडचिरोलीची बाजू जवळजवळ सगळी लाल. मला म्हणाले, "तिकडे गाड्या फार जात असतील ना?"

मी म्हटलं, मला तरी बोलावणं शहरातूनच जास्त येतं.

देशकरभाऊंनी बिस्कीट चहात बुडवलं. "साहेब, चोर पिनकोड पाहून येत नाई. एकसारख्या धा गाड्या कुठी उभ्या आहेत, अन् न्याचा रस्ता कोनता, ते पाह्यते."

साहेबांनी विचारलं, म्हणजे वस्तीचा फरक पडतच नाही?

"पडते ना. हरेक वस्तीची एक आदत असते. चोर ते शिकून येते."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. मलाही त्या दिवशी ते नुसतं चहावरचं बोलणं वाटलं. मग कुरखेड्याकडचा दावा आला.

*

कुरखेड्याहून आत, जंगलाला लागून एक लहानसं गाव आहे. धानाची शेती, मोहफुलं, तेंदूपत्ता. गावात चारचाकी एकच, दसरू मडावी यांची सात सीटची. ती भरदुपारी अंगणातून गेली होती. मी आणि देशकरभाऊ दसरूभाऊंच्या पडवीत बसलो आणि मी फॉर्म काढला.

"चोरीच्या वेळी चाबी कुठे होती?"

"गाडीत," दसरूभाऊ म्हणाले.

देशकरभाऊ मुद्दाम खोकले. "नीट आठवा भाऊ. घरात असन."

"गाडीतच होती. रोजच राह्यते."

त्यांनी सांगितलं ते असं. कुरखेड्याचा दवाखाना लांब. कोणाला काही झालं तर ज्याला गाडी चालवता येते त्याने विचारायचं नाही, बसायचं आणि न्यायचं. म्हणून चाबी गाडीतच. हा गावाचा नियम होता.

गाडी जाताना पाहणारेही होते. एका म्हाताऱ्याने तर रस्त्यातल्या आपल्या बकऱ्या हाकलून वाट करून दिली होती. पुढे जंगलाच्या नाक्यावरचा आडवा बांबूही कोणीतरी लगबगीने वर केला होता.

"थांबवलं काऊन नाई?" देशकरभाऊंनी म्हाताऱ्याला विचारलं.

"मांगच्या सीटवर मानूस निजला होता, चादर पांघरून. रोग्याची गाडी कोन अडवते?"

चोर दोघं होते. आठवडाभर आधी मोहफुलाचा भाव विचारायला म्हणून येऊन गेले होते. देशकरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला गेटवरचा सलाम आठवला.

पण कंपनीच्या दृष्टीने वाईट गोष्ट पुढेच होती. तक्रार तिसऱ्या दिवशी दिलेली होती. मी विचारलं, मधले दोन दिवस काय केलं?

"रोगी पाह्यला," दसरूभाऊ म्हणाले.

संध्याकाळपर्यंत गाडी परत आली नाही, तेव्हा गावाने घरोघर विचारलं, कोणाकडचं माणूस बिमार आहे. कोणाकडचंच नव्हतं. मग शेजारच्या गावात विचारलं. दुसऱ्या दिवशी दोघं मोटरसायकलने कुरखेड्याला जाऊन दवाखान्यातली खाट न् खाट पाहून आले, आपल्या गाडीतून आलेला कोण म्हणून. दोन दिवस कोणी चोर शोधलाच नव्हता.

मला हसू आलं. ते चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण दसरूभाऊंच्या पत्नी जनाबाई पहिल्यांदाच बोलल्या.

"पयल्या वर्सी चाबी यायच्याच खिशात राह्यत होती, भाऊ."

गाडी घेतल्याच्या पहिल्या वर्षी दसरूभाऊ कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून लग्नाला गेले होते, चाबी खिशात. इकडे धानाच्या बांधीत त्यांच्या मोठ्या भावाला, म्हणजे जनाबाईंच्या भासऱ्यांना, साप चावला. गाडी अंगणात उभी. लोकांनी काच फोडली, त्यांना मागच्या सीटवर निजवलं. गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक जण होता, त्याने जुन्या जीपसारख्या तारा जोडून पाहिल्या. ही गाडी नवी, चिपची. सुरू होईना. आठ-दहा जणांनी ती ढकलत रस्त्यापर्यंत नेली.

"हे आले तवा माहे भासरे त्याच सीटवर होते," जनाबाई म्हणाल्या. "गाडी तं दारातच होती ना."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली, ती आजही वाटते. चंद्रपूरला आल्यावर हे सलीमभाईला सांगितलं. तो हातातली चाबी घासत राहिला. "मशीन ने तो अपना काम बराबर किया, भाऊ," तो म्हणाला. "उसको क्या मालूम, बाहर कौन है."

*

त्या दिवशी निघताना देशकरभाऊंनी दसरूभाऊंना बाजूला घेतलं होतं. आयुष्यभर लोकांचे खोटे जबाब पकडलेला माणूस, पण त्या दिवशी त्यालाच राहवलं नाही. म्हणाले, "चाबी खुटीले होती, तिथून चोरली, एवढंच म्हना. हे साहेब लिहून घेतीन."

खरं सांगायचं तर दसरूभाऊ हो म्हणाले असते तर मी तसं लिहिलं असतं. गावाची गाडी परत मिळायची ती एकच वाट होती.

दसरूभाऊ म्हणाले, "चाबी कुठी होती, याच्यापायी माहा भाऊ गेला. हे तेवढं खोटं नाई सांगत मी."

मग मी सगळं जसंच्या तसं लिहिलं. उशिराच्या कारणापुढे लिहिलं, गावकरी आजारी माणूस शोधत होते. नकाशावाल्या साहेबांचा फोन आला, म्हणजे नेमकं काय? मी सांगितलं. मग ते म्हणाले, मला वाईट वाटतं, पण नियम आहे. महिन्याभराने दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं.

असली पत्रं पोस्टाने जातात. हे मी स्वतः घेऊन गेलो. एकटाच गेलो.

गाडी दसरूभाऊंच्या अंगणात उभी केली, लॉक केली, चाबी डब्यात आणि डबा बॅगेत टाकला. दसरूभाऊ शेतावर होते. जनाबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, वाचून दाखवा. मी वाचलं. वाहनात चाबी ठेवून मालकाने निष्काळजीपणा केल्यामुळे कंपनी दावा मंजूर करण्यास असमर्थ आहे. शेवटपर्यंत वाचलं.

त्यांनी कागद घेतला, घडी केली आणि पडवीच्या वाशात खोचला. मग सांगितलं की त्यांच्या माहेराहून एक जुनी जीप आणली आहे, गाव तिच्यावरच चालवून राह्यलं. मी अंगणात पाहिलं. जीप नव्हती.

"सकाळीच गेली. पोटुशी बाई हाय, तिले घेऊन," त्या म्हणाल्या. "तुमी जेवून जा, भाऊ. भात झाला आहे."

मी नको म्हणायच्या आत त्या आत गेल्या आणि ताट घेऊन पुन्हा दारात आल्या. माझ्या गाडीकडे पाहत म्हणाल्या, "गाडीले लॉक केलं काय तुमी?"

"हो."

"आता गावात गाडी तेवढीच आहे ना, भाऊ."

मी बॅग उघडली, डब्याचं झाकण काढलं. गाडीचं दार उघडून चाबी सीटवर ठेवली आणि हात धुवायला रांजणाकडे गेलो.