समुद्राचा धुरा

नागपूरच्या वाचनालयात होते, तेव्हा आईचा फोन आला. "नामदेवमामा गेले," एवढंच ती बोलली. समोर दोन देशांमधल्या समुद्राचा नकाशा पसरलेला होता. मनात पहिला विचार आला, आता हे कुणाला विचारायचं?

खरं तर मामांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. कटंगीजवळच्या आमच्या गावात पटवाऱ्यासोबत साखळी धरून शेतं मोजणारे ते चेनमन, शाळा चौथीपर्यंत. घरात पदवीधर झालेली मी पहिली, आणि माझ्या शिक्षणासाठी बाबांशी भांडले ते मामाच. पुढे संशोधनाला मी विषय घेतला… श्रीमंत आणि गरीब शेजारी देशांमध्ये समुद्राची हद्द न्यायानं कशी ठरवावी. घरात त्याबद्दल विचारलं फक्त मामांनी.

"समुद्राले धुरा कुठं असते वं पोरी?" आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. मी सांगितलं, दोन्ही किनाऱ्यांपासून सारखं अंतर मोजून मधून रेघ काढतात.

"कोनता किनारा? पानी चढल्यावरचा का उतरल्यावरचा?"

पुस्तकं चाळून उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. "उतरल्यावरचा, मामाजी."

"हौ? मंग कोनी मुरूम टाकून किनारा फुडं सरकवला तं?"

त्यावरूनच भांडणं होतात, मी म्हटलं, पण माझ्या मते तो धरू नये. मामा म्हणाले, "आमी धरला होता."

तलावाच्या एका काठाला आमचं गाव, दुसऱ्या काठाला ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, छोटी वस्ती, टोला. मासळी आणि शिंगाडा अर्धा-अर्धा. वाद झाला तेव्हा मोजणीला मामा गेले. मोजणाऱ्यांनी बोलावणाऱ्याकडे जेवायचं, ही रीतच. ते गावच्या पटेलांकडे जेवले आणि त्यांच्याच दारापुढच्या नव्या ओट्यावरून मोजायला लागले. तो ओटा मुरूम टाकून पाण्यात पुढे काढलेला! मधली रेघ टोल्याकडे सरकली, शिंगाड्याचं उथळ पाणी पटेलांकडे गेलं. "खोटं करा म्हनून कोनी सांगतलं नोतं," मामा म्हणाले. "जेवून उठलो, तिथूनच मोजलं." पटेलांकडे नकाशा होता, वकील होता, टोल्याकडे नुसती आठवण. माझ्या प्रबंधातले देश मला पहिल्यांदा असे दिसले.

गेल्या हिवाळ्यात, बोलताना दम लागत असताना, मामांनी दोन्हीकडच्यांना काठावर बोलावलं आणि आपली चूक सांगितली.

पटेल हसले, "बुढापा आला तं माप बदललं का, नामदेवा?"

टोल्यातली सरुबाई म्हणाली, "सांगाले इतके वर्स काहून लागले?"

"नोकरी होती, बाई. भेलो." मग म्हणाले, "आता पुन्हा मोजा. पन मी नाही धरत. एक टोक पटेलानं धरावं, एक टोल्यानं."

"पाहू," पटेल म्हणाले. ते पाहणं मामांच्या हयातीत झालं नाही. तेरवीनंतर मात्र पटेल स्वतःच घरी आले. म्हणाले, "जित्या मानसाले 'पाहू' म्हनता येते. मेल्यावर थे खटकते."

मोजणी जुन्या काठापासून झाली. खोल पाण्यात साखळी चालेना, म्हणून डोंग्यातून दोर नेला. पटेल धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे, समोरच्या काठाला सरुबाई. "वढा ना पटेल! जेवले नाही का आज?" ती ओरडली, आणि दोन्ही काठ हसले. शिंगाड्याचं पाणी टोल्याकडे परत आलं… सगळं नाही. एक कोपरा पटेलांनी हट्टानं ठेवलाच, आणि टोल्यानं तो सोडला.

दोर गुंडाळताना सरुबाईनं मला विचारलं, "तुया पुस्तकातल्या गरीब देशाच्या हातात टोक कोन देते वं?"

तिचा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला. सध्या गावी आहे. मामांच्या खोलीत, त्यांच्या खाटेवर बसून, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिते आहे.