गंगुबाईने शेताला लावलेलं दार

प्राची भोईरच्या साखरपुड्याला खोपटहून कलावती नावाची एक म्हातारी आली होती. तिने प्राचीची हनुवटी धरली, तिला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "गंगुबायची पणती ना तू? तिच्यामुलं आमी भात खाल्ला, पोरी." पाहुण्यांच्या गडबडीत पुढे बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी प्राची आजीला, कमळाबाईला, खोदून खोदून विचारत बसली. गंगुबाई म्हणजे कमळाबाईची सासू. प्राचीला तिचं फक्त नाव ठाऊक होतं.

कमळाबाई लग्न होऊन डोंबिवलीच्या खाडीकाठी आली, त्याच वर्षीची ही गोष्ट. भाद्रपदातल्या उधाणाने खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला खांड पाडली, बांध मधोमध फुटला. पोटरीला आलेल्या भातात खाडीचं पाणी शिरलं. ओहोटीला ते उतरलं तेव्हा भात आडवं झालेलं आणि वर मिठाची खार. सासरा भिवा आणि नवरा दौलत, दोघेही मुंबईला गिरणीत. घरात सासू-सुनाच.

गंगुबाईचा चुलतदीर सखाराम येऊन म्हणाला, "वैनी, ही जमीन आता खाडीची झाली. सुनेला घेऊन मुंबईला भिवाच्या खोलीवर जा."

"खोलीत भात पिकतंय काय रं?" एवढंच विचारून गंगुबाईने टोपली उचलली.

ओहोटी लागली की ती चिखलात उतरायची, ढेकळं कापायची आणि खांडीत रचायची. मागे कमळाबाई. तिचा लग्नाचा हिरवा चुडा त्या चिखलातच फुटला. भरती यायची आणि अर्धं काम वाहून न्यायची. काठावरची माणसं हसायची. गंगुबाई त्यांच्याकडे बघायचीही नाही. एके दिवशी शेजारच्या शेताची कलावती पदर खोचून तिच्या शेजारी उभी राहिली. तीही तेव्हा नवी नवरीच. तिच्यामागून हळूहळू आळीतल्या बाया आल्या.

खांड अरुंद झाली, पण जितकी अरुंद, तितकं पाणी जोराने घुसायचं. ढेकूळ टाकलं की गेलंच. मग गंगुबाई अष्टमीपर्यंत थांबली. अष्टमीच्या सुमाराला भरती लहान असते, त्याला भांग म्हणतात. त्या दिवशी ती उलटपावली घरी गेली आणि बापाने घरभरणीला दिलेलं सागाचं दार तिने चौकटीतून उतरवलं. बायांनी ते डोक्यावरून बांधावर आणलं. खांडीत उभं केलं, मागे खांब ठोकले. तोवर पाणी चढायला लागलं होतं. खांब हलतायत हे पाहून गंगुबाई आतल्या बाजूने दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आत्ये, वर या!" कमळाबाई रडायला लागली.

"माज्याकडं बगू नको. चिखल टाक!"

बाया वेड्यासारख्या चिखल टाकत राहिल्या. पाणी दाराच्या वरच्या कडेला टेकलं, तिथेच थबकलं, आणि उतरू लागलं. आत शेतात थेंब गेला नव्हता. गंगुबाईला कमळाबाई आणि कलावतीने धरून वर काढलं. तिच्या पाठीवर फळ्यांचे वळ उठले होते.

शिमग्याला भिवा गावी आला. घराच्या तोंडाला गोणपाट लटकत होतं. "दार कुठं गेलं?" त्याने विचारलं.

"शेताला लावलंय," गंगुबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

तो बांधावर जाऊन आला. जेवायला बसला. मग म्हणाला, "मी असतो तर शेत सोडून दिलं असतं." सुट्टीभर तो रोज तिच्याबरोबर बांधावर गेला.

पावसाने हळूहळू मीठ धुतलं. पहिल्या वर्षी भात पोचटच निघालं. पुढच्या वर्षी दाणा भरला, कलावतीच्या शेतातही. त्यानंतर खाडीकाठी कुठेही खांड पडली की गडीमाणसं आधी गंगुबाईला बोलवायला यायची, त्यात सखारामही. म्हातारपणी चालवेना, तेव्हा ती बांधावर बसून सांगायची, आणि धिप्पाड गडी निमूट ऐकायचे.

"घाबरली नव्हती का गं ती?" प्राचीने विचारलं.

"घाबरली व्हती तर!" कमळाबाई म्हणाली. "मी तिचा हात धरून वर काढली ना. कसा कापत व्हता."

 प्राचीने आजीचा सुरकुतलेला हात आपल्या हातात घेतला.