पुढली ओळ तिची

लग्नाच्या आठ दिवस आधी मुलगी मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसली. हॉलमध्ये पडद्यावर घरातल्या मोठ्यांचे फोटो दाखवायचे होते, प्रत्येक फोटोमागे एक गाणं. "आई, तू ज्या विचाराने जगलीस ना, तो सांगणारं गाणं सांग." तिच्या वडिलांनी लगेच एक भजन सांगितलं. मला सुचेना. चौथी शिकलेल्या बाईचा कसला आलाय विचार? "तूच टाक कोणतंही," मी म्हटलं.

"मग तुझा फोटो मुका ठेवीन," ती रागावून म्हणाली.

लग्न मेहरूण तलावाजवळच्या हॉलमध्ये होतं. वऱ्हाड दोंडाईचाहून आलं. दारात विहीणबाईंना पहिलं कुंकू मी लावायचं होतं. चार माणसांत माझी मान वर होत नाही. त्या हिरवा शालू नेसणार, एवढं फोनवर कळलं होतं. मी खाली बघतच हिरवा काठ ओळखला, अंदाजाने कुंकू लावलं, पाया पडले. उठले तर समोर त्यांची धाकटी जाऊ. तिचाही शालू हिरवाच. विहीणबाई तिच्यामागे उभ्या होत्या.

त्या सरळ आत जाऊन खुर्चीवर बसल्या. चहा नको, नाश्ता नको. "जिले मान दिधा, तिलेच ईहीण करी ल्या," म्हणाल्या. विहिणीला आमच्याकडे ईहीण म्हणतात. नवरदेव त्यांच्या शेजारी उभा, आईने हलायला सांगितलं तरच हलणार. आमच्या यांनी हात जोडले, तर विहीणबाईंनी तोंड फिरवलं. माझा भाऊ समजवायला गेला, तर राग अजून वाढला. नवरदेवाचे काका, सगळे त्यांना आबा म्हणत, घड्याळ बघून म्हणाले, "मुहूर्त टळला तर गाड्या परत वळवू."

खोलीच्या दारातून मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या मुंडावळ्या हलत होत्या.

तेव्हा मला मावशी आठवली. आमच्या गावी लग्नात बाया विहिणीची खोडी काढणारी गाणी म्हणायच्या. विहिणीने रागवायचं नाही, गाण्यातच उत्तर द्यायचं. मावशी आपलं म्हणून झालं की गप्प व्हायची. "पुढली ओळ तिनी शे, आपन म्हनानी नई," म्हणायची. मी मागच्या रांगेत, सगळ्यांच्या आवाजात आवाज लपवून म्हणायचे. एकटीने कधीच नाही.

मी विहीणबाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं:

"ईहीण रुसनी, मांडोमा बसनी,
तिनं तोंड दखीसन पुरी बी फुगनी."

तिचं तोंड बघून पुरीही फुगली, एवढं म्हणताना आवाज चिरकला. हॉल गप्प झाला. आबा खुर्चीवरून उठले. "अगं, आधीच काय कमी होतं?" हे मागून पुटपुटले. चुकलं, पदर पसरते, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. पुढली ओळ माझी नव्हती.

मी मान वर करून त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा बघितला. त्यावर काहीच हलत नव्हतं. मी तशीच थांबले. मग बसल्या जागेवरून, माझ्या दुप्पट आवाजात, त्या म्हणाल्या:

"पुरी फुगनी, माले भूक लागनी,
वाढनारी ईहीण कोठे पळी गयी?"

आधी त्यांची जाऊच हसली. विहीणबाईंनी कपाळ पुढे केलं. "लाव कुंकू. पन आते वर दखीसन लाव!"

लग्न लागलं. पडद्यावर माझा फोटो मुकाच आला.

दोन महिन्यांनी मुलगी माहेरी आली. शूटिंगवाल्याने ते सगळं टिपलं होतं. तिने माझ्या फोटोमागे आता माझं नि विहीणबाईंचं गाणं लावलं होतं. "मधलं कापते," ती म्हणाली. "किती वेळ नुसतं गप्प आहे, ऐकवत नाही."

"कापू नको," मी म्हटलं.

का, ते तिला सांगता आलं नाही. आजवर घरात जेव्हा जेव्हा कुणी रुसलं, तेव्हा आपलं बोलून मी अशीच थांबले. दर वेळी उत्तर आलंच असं नाही. यांच्या बहिणीचं अजून आलेलं नाही.

तिने कापलं नाही. दुपारी एकटी असले की मी ते लावते. उत्तर येणार हे माहीत असतं, तरी त्या गप्प जागेवर माझ्या मुठी आवळतात.