बाळंतिणीची विश्रांती आणि पाण्याचा टँकर

मंडळी, आज पार गळून गेलेय. नर्सिंगच्या एम.एस्सी.च्या संशोधनासाठी पाचोडला गेले होते. विषय, बाळंतपणानंतरची विश्रांती.

एका घरी प्रश्न सुनेला विचारला, उत्तर सासूबाईंनी, म्हणजे तिच्या 'आत्याबाईं'नी दिलं. "आमच्यात बाळंतीण सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडत नाय." सुनेनं मान डोलावली. मी लिहिलं, 'पुरेशी विश्रांती.'

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. सुनेनं कोवळं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं अन् दोघी हंडे घेऊन पळाल्या.

सून धापा टाकत परतली तेव्हा त्या ओळीवर टेकलेला माझा पेन बघून म्हणाली, "राहू द्या मॅडम, खोडू नका. आत्याबाई लई जपतात मला. पण पाण्याला दोघी लागतात."

आता शहरात, आमच्या नव्या कॉलनीच्या गेटवर टँकरचीच वाट बघत बसलेय. सांगा, ते उत्तर खोडू का?