तिसरी चकती

टेंभुर्णी मागे पडली आणि मी चकती पुसली. चांदी काळवंडलेली दिसली की पुसायची, ही आमच्या घरातली शिस्त. माझी पुतणी केतकी पाणी तपासायच्या कामाला निघाली होती, मी डबी सांभाळणारा हमाल. डबीत नखाएवढ्या तीन चकत्या. एकीवर धुरकट डाग दिसला, तो रुमालाने छान घासला आणि केतकी जागी झाल्यावर शाबासकीची वाट बघत बसलो.

"काका, तो डाग म्हणजेच चांदी होती," ती म्हणाली.

मग सोलापूर येईपर्यंत माझी शिकवणी. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांवर पाण्याचा थेंब सुकवायचा, त्यावर लेझर सोडायचा. पाण्यात विषाचा अंश असेल तर विखुरणाऱ्या प्रकाशात त्याची खूण उमटते. एरवी ती फार पुसट असते, चांदी ती ठळक करते. एक चकती शुद्ध पाण्यासाठी, दुसरी विहिरीसाठी. तिसरी माझ्या रुमालात.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन वळसंगला पोचलो. करडं, तापलेलं रान आणि मध्येच हिरवीगार द्राक्षबाग. बागेला लागूनच महादेवी आजींची विहीर. त्यांच्या सुनेचं मागलं मूल पोटातच गेलं होतं, आता पुन्हा दिवस होते. आजींना पाण्याचा संशय, म्हणून त्यांनीच केतकीला बोलावलेलं.

तरी आम्ही टेकताच आजींनी सुनेला "नीरु" (कानडीत पाणी) आणायला सांगितलं. गूळ आणि तांब्या आला. केतकीने हळूच आपली बाटली काढली. मी घुटमळलो.

"दुसरं कुटलं देऊ, पावनं? हेच हाय की."

मी प्यालो.

लॅपटॉपवर शुद्ध पाण्याची रेघ जवळजवळ सपाट राहिली. विहिरीच्या थेंबाची सुळके काढत वर गेली. केतकीने ते सुळके ओळखीच्या खुणांशी ताडून पाहिले. द्राक्षांवर फवारतात ते बुरशीनाशक. किती आहे ते पुण्यात मोजेन, तोवर हे पाणी पिऊ नका, स्वयंपाकालाही नको, असं तिने सांगितलं.

"माजं बाळ ह्यानंच गेलं का?" सुनेने विचारलं.

"ते हे यंत्र सांगत नाही, ताई."

मग आजी म्हणाल्या, "देवळापाशी बोअर हाय. त्येचं बगा की."

केतकी माझ्याकडे न बघता वायर गुंडाळत राहिली. चकत्या संपल्या, एक मी पुसून टाकली, हे मलाच सांगावं लागलं. आजी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

बोअरचं पाणी बाटलीत भरून घेतलं, उत्तर पुढच्या आठवड्यात. केतकीने आमच्याकडची सीलबंद बाटली सुनेला दिली. निघताना आजींनी हातावर गूळ ठेवला. पाणी मात्र विचारलं नाही.

घरी आल्यावर रुमालाचा किस्सा मी रंगवून सांगितला. बायको हसली नाही. परातीतली कणीक मळायची थांबली आणि म्हणाली, "मग आज त्यांनी भाकरीचं पीठ कुठल्या पाण्यात मळलं असेल?"