ठमीचा डावा कान

पत्रे कापायच्या कारखान्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज साधा राहत नाही. फोरमनने घरात पाणी मागितलं तर शेजारी तांब्या घेऊन दारात उभा राहील, असं त्याची बायको म्हणायची. हळूहळू सगळं घरच त्या पट्टीत बोलायला लागलं. त्यामुळे झालं काय, की आठ वर्षांच्या ठमीला कमी ऐकू येतं हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही.

कान तसे तिचे पहिल्यापासून रडके. सर्दी झाली की ठणका, मग उशीवर पिवळा डाग, मग औषधाचे थेंब. थेंब घालायचं काम फोरमनचं. तिचं डोकं मांडीवर आडवं घ्यायचं, बाटली मुठीत धरून कोमट करायची, तीन थेंब सोडायचे आणि पाच मिनिटं तिला हलू द्यायचं नाही. पत्र्याच्या धारेने चिरलेली त्याची जाडजूड बोटं त्या वेळी अशी अलगद चालायची की बायको म्हणे, "माझ्याशी कधी एवढं हळुवार वागलात?"

असा हा बाप. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर.

परवा शाळेतल्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. "दहा हाका माराव्या लागतात हो तिला. मुद्दाम करते असं वाटतं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. बाजूला दुसरे चार पालक उभे होते. कारखान्यात चौदा माणसं फोरमनच्या हाताखाली, त्याची हाक टाळायची एकाचीही टाप नव्हती. आणि पोटच्या पोरीने चारचौघांत अशी मान खाली घालायला लावावी! तो तिथून निघाला तोच धुमसत.

घरी ठमी त्याच्याकडे पाठ करून वहीत रंग भरत बसली होती. त्याने हाक मारली. मग दुसरी मारली. नेहमी ओरडणारा हा माणूस फार चिडला की दात आवळून हळू बोलायचा, तसाच तेव्हा बोलला. तिसरी हाक त्याने मारलीच नाही. पुढे होऊन तिला वळवलं आणि उजव्या हाताने सणसणीत ठेवून दिली. ठमी किंचाळली आणि डावा कान दाबून खाली बसली.

बायको कामावर होती. संध्याकाळी तिला ठमीच्या कानाशी रक्ताचा ओघळ दिसला. "काय झालं गं?" ठमीने एकदा बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "जिन्यावरून पडले." फोरमन शर्टाचं तुटकं बटण चाचपत राहिला. त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एवढा मोठा बाप्या आठ वर्षांच्या पोरीआड लपला.

आज तिघं दवाखान्यात आली होती. काचेच्या खोलीत बसवून ठमीची तपासणी झाली. कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही कानांनी कमी ऐकते. हे जुनं आहे, पडद्यामागे पाणी साठतं. पाठमोरी असेल तर साध्या आवाजातली हाक हिला कळणारच नाही."

फोरमनला परवाची हाक आठवली. पाठमोरीच होती की ती.

"आणि डावा पडदा फाटलाय, तो ताजा आहे. काही लागलं होतं का?"

"परवा जिन्यावरून पडली," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "पडून पडदा फाटला असेल तर कवटीच्या हाडाला तडा गेलाय का ते बघायला हवं. आजच दाखल करा. स्कॅन काढू." बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ठमीला पोटाशी धरलं. डॉक्टरीणबाई कागद भरायला लागल्या.

दारावरच्या पडद्यापलीकडे लोकांची रांग होती. आत्ता गप्प बसलो तर पोरीला त्या यंत्रात घालतील, हे फोरमनला कळत होतं. बोललो तर बायको उभ्या जन्मात तोंड बघणार नाही, हेही कळत होतं. जमीन दुभंगली असती तर तो आनंदाने आत गेला असता.

"पडली नाही ती," तो जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला. "मी मारली. कानाखाली."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. बायको त्याच्याकडे बघतच राहिली. ठमीला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिला फक्त सगळ्यांचे चेहरे बदललेले दिसले. काहीतरी बिघडलंय आणि बाबा अडचणीत आहेत, एवढं तिने ओळखलं. घाईघाईने ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मी पडले ना! जिन्यावरून! बाबा घरी नव्हतेच!"

फोरमन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. तिला ऐकू जायचं तर एकच आवाज होता त्याच्याकडे, कारखान्यातला. त्याने तोच लावला.

"तू पडली नाहीस! मी मारलं तुला! तुझी काही चूक नव्हती, माझी चूक होती!"

बाहेरची रांग एकदम गप्प झाली. कुणीतरी पडदा बाजूला करून आत डोकावलं. ते ठमीने पाहिलं आणि आपला छोटा तळवा त्याच्या तोंडावर दाबून धरला.

"बाबा, हळू बोला ना," ती म्हणाली, "लोक ऐकतायत."