देवीतात्यांची रोजची फेरी

"आज घरात किती माणसं?"

दारात उभं राहून देवीतात्या पहिला प्रश्न हाच विचारत. मी लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हा मला वाटलं, हा म्हातारा जेवायला थांबणार की काय! सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "अगं, मोजायची सवय आहे त्यांना. तीस वर्षं घरोघर फिरून मुलांना देवी टोचल्यात त्यांनी."

तात्या मूळचे माण तालुक्यातले. तोंडावर देवीचे वण, खांद्यावर पंचा, हातात छत्री. पेन्शन झालेली, बायको वारलेली, एकुलता मुलगा सांगलीजवळ माधवनगरच्या गिरणीत. तो न्यायला आला की म्हणत, "तितं बसून काय भिंत बघू? हितं माझ्या वळखीचे दंड हायती." निम्म्या पेठेच्या दंडांवर त्यांच्या हातच्या खुणा होत्या. सत्तरीतही ते रोज फेरीला निघत. डोळे गेलेल्या एका मास्तरांना वर्तमानपत्र वाचून दाखवत, सासुरवाशिणींचे निरोप माहेरी पोचवत. कुणी "दमत नाही का?" म्हटलं, की म्हणत, "बसल्या म्हाताऱ्याला माणसं इसरत्यात, गड्या. हिंडणाऱ्याला निदान शिव्या तरी देत्यात."

बेचाळीस साली माझा धाकटा दीर दत्तू चळवळीत भूमिगत झाला. पोलीस दोनदा घर उलटंपालटं करून गेले. त्यानंतर तात्यांचा तोच प्रश्न आम्हाला बोचू लागला. एकदा हे शाळेत शिकवून घरी आले ते बोलतच. "हा माणूस फौजदाराबरोबर चहा पितो. डोळ्यांनी पाहिलं मी." मग आम्ही सगळंच नव्यानं आठवू लागलो. ते दारातल्या चपलांकडे का बघतात? परवा पाणी मागितलं, ते माजघरात डोकवायलाच ना? सासूबाई त्यांच्यासमोर ताटंसुद्धा मांडेनाशा झाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात दत्तू अचानक घरी आला, तापानं फणफणलेला. कोठीच्या खोलीत पोत्यांमागे आम्ही त्याला निजवलं. चौथ्या दिवशी कपाळावर पुरळ दिसलं. डॉक्टर बोलवायचं धाडस होईना. तेवढ्यात दारात तात्या.

"आज घरात किती माणसं?"

"तिघं," मी म्हणाले.

त्यांनी नाक वर करून वास घेतला. "कडुलिंबाचा पाला कुणासाठी आणला?"

"मलाच ताप आहे," सासूबाई म्हणाल्या. त्या चिंचा फोडत बसल्या होत्या.

"तापाचं माणूस चिंचा फोडत बसत न्हाई, वैनी." ते उंबऱ्यावर टेकले आणि आवाज खाली आणून बोलू लागले. "ह्या घरात एक दंड कोरा हाय. मी टोचायला आलो तवा तुमी धाकल्याला कणगीत लपवलं व्हतं. रडू ऐकलं मी. पर त्या दिशी लय दमलो व्हतो, तसाच माघारी फिरलो. चूक माझीबी हाय. मला बघू द्या त्याला."

सासूबाई उठून आडव्या उभ्या राहिल्या. "फौजदाराकडे कशाला जाता ते आधी सांगा."

"त्येच्या दोन पोरी टोचायच्या ऱ्हायल्यात. बायकू ऐकंना. म्हून च्या पितो."

आमचा विश्वास बसला असं नाही. पण आत दत्तू कण्हत होता. मी बाजूला झाले.

देवीच होत्या. तात्यांनी दवाखान्यातून टोचणारा माणूस आणून सगळ्या आळीला टोचून घेतलं, म्हणजे आमच्या एकाच घराचं नाव होऊ नये. फेरीत आमचं घर ते शेवटी ठेवत आणि इथून थेट अंघोळीला जात. "रोजचा माणूस येईनासा झाला की लोक इचारत्यात," म्हणायचे. दत्तूला चमच्यानं पेज भरवायचे, फोड खाजवू नये म्हणून त्याचे हात फडक्यानं बांधायचे. तेवढा वेळ सासूबाई दारात पाट टाकून, त्यांच्यावरची नजर न काढता बसत. एक दिवसही त्यांनी दोघांना एकटं सोडलं नाही.

महिन्याभरानं दत्तू हिंडू लागला आणि सांगली संस्थानाकडे निघून गेला. कुणाकडे, ते आम्हालाही सांगितलं नाही. आठच दिवसांत पोलीस आले आणि इकडेतिकडे न बघता थेट कोठीच्या खोलीत शिरले. कुणीतरी सांगितलं होतं. आमच्याखेरीज ती खोली तात्यांनाच ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी कडी वाजली. आम्ही तिघं आतच बसून राहिलो. बाहेरून तात्या म्हणाले, "पोरगं पोचलं का? येवढंच सांगा."

"बघ, माहिती काढतोय," हे कुजबुजले. मी उठले नाही.

हळूहळू ही गोष्ट आळीत पसरली. एकेक दार बंद झालं. मास्तरांनीही वर्तमानपत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायला सुरुवात केली. शेवटी मुलगा येऊन तात्यांना माधवनगरला घेऊन गेला. निघताना त्यांना पोचवायला कुणी गेलं नाही.

शेचाळीस साली वॉरंट उठलं आणि दत्तू उघडपणे घरी आला, तोंडभर वण घेऊन. "इतकी वर्षं होतास कुठं?" सासूबाईंनी विचारलं.

"तात्यांच्या मुलाकडे. त्यांनीच चिठ्ठी दिली होती. पुढं तेही तिथं आले. एकाच खोलीत होतो आम्ही."

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. पोलिसांना खोली कुणी सांगितली ते आजवर कळलेलं नाही.

पुढच्याच रविवारी मी आणि सासूबाई माधवनगरला गेलो. तात्या चाळीतल्या खोलीत पंचा वाळत घालत होते. खूप वाळले होते. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "तात्या, तुम्ही हाक मारलीत आणि आम्ही आत बसून दार उघडलं नाही."

"आवं, मला बघून दारं लावायची लोकांची रीतच हाय. पोरं टोचायचो तवापास्नं." सासूबाईंचे डोळे भरलेले पाहून ते घाईनं म्हणाले, "वैनी, च्या घ्या. पोरगं वाचलं ना? मग झालं."

चहा झाल्यावर त्यांनी छत्री घेतली. "तुमी बसा. पलीकडल्या चाळीत नवीन बिऱ्हाड आलंय. वळख करून येतो."

आम्ही गॅलरीतून बघत राहिलो. त्यांना येताना पाहून समोरच्या बाईनं मूल उचललं आणि दार लावून घेतलं. तात्या तिच्या पायरीवर बसले. बंद दाराकडे तोंड करून बोलायला लागले. शब्द इथवर ऐकू येत नव्हते. बऱ्याच वेळानं आतून त्या बाईनं कशाला तरी उत्तर दिलं.